पुढचा दात

हा माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी त्याचं जरा जास्त कौतुक केलं तर कुणी नाकं मुरडायला नकोत. माझं शिक्षण बेताचं, सातवीनंतर मी वह्या मिटल्या त्या मिटल्याच. पण आमच्या सात पिढ्यांत असा हात कुणाचा नव्हता, हे सांगायला शाळा लागत नाही.

धाकटा दात करतो. डॉक्टर नाही हं तो. डॉक्टर तोंडात हात घालतात. धाकट्यानं उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडात बोट घातलेलं नाही. डॉक्टर माप घेतात, ते माप डबीतून त्याच्याकडे येतं आणि दात होऊन परत जातं. दाढ किडून अर्धीच उरली असेल तर तिला वरून टोपी घालायची, ती कॅप. मधला दात गेला आणि शेजारचे दोघे धडधाकट असले तर त्यांच्या खांद्यावर तिसरा तोलून धरायचा, तो ब्रिज. शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नसेल तर डॉक्टर हाडातच स्क्रू बसवतात आणि त्यावर दात उभा राहतो, ते इम्प्लांट. आणि सगळंच आटोपलं असेल तर कवळी. कुणी विचारलं की मी हे तासभर समजावून सांगतो. माझ्या दुकानात सायकल दुरुस्तीला आलेली माणसं मलाच दातांचा डॉक्टर समजून तोंड उघडून दाखवतात. मीही बघून घेतो.

त्याला या कामात आणलं कुणी? मी. तो अकरा वर्षांचा, मी सोळाचा. त्याला सायकलच्या नळीवर बसवून मी उतारावरून निघालो होतो आणि दोन्ही हात सोडून चालवता येते हे त्याला दाखवत होतो. चालवता येत होती, त्याबद्दल वाद नाही. खड्डा मध्ये आला. धाकट्याचं तोंड हँडलवर आपटलं आणि वरचा, अगदी समोरचा दात अर्धा तुटला. आईनं माझी जी पूजा बांधली ती बांधलीच, पण डॉक्टरकडे वाट बघत बसलेला असताना हा रडता रडता मागच्या खोलीत शिरला. तिथे एक म्हातारा कारागीर बारक्या ज्योतीवर मेण वितळवून दात घडवत होता. धाकटा रडायचा थांबला. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की तिथे. मी पाडला नसता तर आज कुठेतरी कारकुनी करत बसला असता. याबद्दल त्यानं आजवर माझे आभार मानलेले नाहीत, पण ते असो.

तो तुटका दात मात्र त्याच्या स्वभावात जाऊन बसला. डॉक्टरनं टोपी घातली, पुढे हात बसल्यावर त्याची त्यानं चांगली करून घेतली, दर दहा-बारा वर्षांनी नवी. तरी बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरायची सवय लागली ती गेली नाही. हसायचा तोही मिटल्या तोंडानं. दुसऱ्यांना हसते करणारा माणूस स्वतः ओठ आवळून बसलेला.

त्याची खोली दोन जिने चढून वर आहे. लांबट, एका टोकाला मोठी खिडकी, तिच्याशी टेबल. टेबलावर मेणाचे इतके थेंब साचलेत की लाकूड कुठलं ते आता कुणाला सांगता येणार नाही. एक छोटी भट्टी, चिमटे, ब्रश, चिनी मातीच्या भुकटीच्या बाटल्या. ही भुकटी पाण्यात कालवून थरावर थर द्यायचा आणि भट्टीत भाजायचा, की दात होतो. आणि भिंतभर फळ्यांवर प्लॅस्टरची तोंडं. शेकड्यांनी. नुसते जबडे, खाली आकडा. नाव नाही, चेहरा नाही.

पण धाकटा त्यांना ओळखतो. हा झोपेत दात खातो. ही पेन चावते. हा एकाच बाजूनं जेवतो, दुसऱ्या बाजूला काहीतरी लपवतोय. रस्त्यानं जाताना एखादी बाई मैत्रिणीशी बोलत हसते आणि तिच्या वरच्या दातांकडे बघून धाकट्याला कळतं, अरे, हा आपला ब्रिज. एकदा बसमधल्या कंडक्टरनं भलीमोठी जांभई दिली आणि आत धाकट्याच्या हातच्या तीन दाढा. त्याला वाटतं, विचारावं, थंड पाणी लागत नाही ना, अन्न अडकत नाही ना. पण रस्त्यात कुणाच्या तोंडात डोकावून चौकशी करणाऱ्याला लोक काय म्हणतील? तो तिकीट घेतो आणि उतरतो. गावातली निम्मी माणसं त्याच्या ओळखीची आणि त्याला ओळखणारं एकही नाही.

एक होती. त्याची बायको, आमची भावजय. ती दोरे-बटणांच्या दुकानात काउंटरवर होती. कापडाचा तुकडा नुसता दाखवा, ती न बघता मागे हात करून नेमकं तेच रीळ काढायची. संध्याकाळी साडेचारला दुकानातून सुटली की ती वर यायची आणि खिडकीतल्या स्टुलावर बसायची. धाकटा दिवसभरात केलेला दात चिमट्यात धरून तिच्यापुढे न्यायचा, शेजारी रंगांची पट्टी. ही पट्टी म्हणजे सोळा नकली दात एका दांडीला, प्रत्येकाचा रंग जरा वेगळा. डॉक्टर पेशंटच्या तोंडाशी पट्टी धरून नंबर कळवतात, धाकट्यानं तो रंग साधायचा. आता गंमत अशी की दिवसभर एकाच दाताकडे बघून करणाऱ्याची नजर शिळी होते. दुसरे ताजे डोळे लागतातच.

आमच्या भावजयीनं नंबर कधी पाठ केले नाहीत. ती म्हणायची, "ह्याला जरा चहा पाजा." म्हणजे फार पांढरा झालाय, पिवळसर थर हवा. किंवा, "हा रात्रभर जागलेला दिसतो." म्हणजे राखाडी झाक आली. मी स्वतः बसून ऐकलंय. धाकटा मान हलवायचा, पातळ थर द्यायचा, परत भट्टी. पंचवीस वर्षांत त्याचा एक पुढचा दात परत आला नाही. दाढेचं एक वेळ ठीक आहे, गाल झाकतो. पण समोरचा एकटा दात शेजाऱ्यांमध्ये मिसळून जाईल असा करणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. जमला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. न जमला तर माणूस आयुष्यभर तोंडावर हात धरून बोलतो. हे धाकट्याला कुणी शिकवायला नको होतं.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. साधा ताप म्हणता म्हणता अकरा दिवसांत. मी गेलो, आठ दिवस राहिलो, त्याला धीर दिला. नंतर जाणं झालं नाही. दुकान होतं, गुडघे होते, मग माझ्या डोळ्यांची ऑपरेशनं निघाली. पण दर रविवारी सकाळी दहाला माझा फोन असायचा, एक रविवार चुकवला नाही. मी बोलायचो, तो "हं" म्हणायचा. मला वाटायचं, ठीक चाललंय.

चाललं होतं ते असं. सकाळी डब्या घेऊन माणूस यायचा, धाकटा म्हणायचा, "ठेव." संध्याकाळी तयार डब्या न्यायला यायचा, धाकटा म्हणायचा, "ने." कित्येक दिवस असे गेले की तोंडातून हे दोनच शब्द निघाले. जेवणाचा डबा तो उभ्यानं संपवायचा. खिडकीतलं स्टूल तिथेच होतं. खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, पण त्या स्टुलावर त्यानं कधी एक डबी ठेवली नाही. साडेचार वाजले की उगाचच ब्रश खाली ठेवायचा, थोडा वेळ थांबायचा, आणि परत उचलायचा.

मग दात परत यायला लागले. पहिला आला तेव्हा चिठ्ठी होती, रंग जरा उजळ वाटतो. धाकट्यानं खिडकीत नेऊन पट्टीशी लावला. तंतोतंत. त्याला वाटलं, डॉक्टरीणबाईंनी नंबर चुकीचा कळवला. या बाई म्हणजे जुन्या डॉक्टरांची मुलगी, लहानपणी धाकट्याच्या टेबलाशी बसून मेणाचे ससे करायची. त्याला काकाच म्हणते. दोन महिन्यांनी दुसरा आला, मग तिसरा. चिठ्ठीवर तेच. प्रत्येक वेळी धाकटा खिडकीत न्यायचा आणि प्रत्येक वेळी त्याला तो बरोबर दिसायचा.

मग एका नर्सबाईचा दात आला. तरुण मुलगी, दवाखान्यात दार तोंडावर आपटून समोरचा दात मोडलेला. तात्पुरती टोपी घालून हिंडत होती. धाकट्यानं जीव ओतून दात केला. परत आला. दुसरा केला. तोही परत आला, आणि या वेळी चिठ्ठी नव्हती, फोन होता. मुलीनं आरशात बघितलं आणि ओढणी तोंडावर घेतली, असं बाई म्हणाल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आल्या.

"काका, वाईट वाटून घेऊ नका. तिसऱ्यांदा नाही जमलं तर पुढचे दात मी मशीनवाल्यांकडे पाठवीन म्हणते. दाढा आणि कवळ्या तुमच्याकडेच."

"एकदा अजून," धाकटा म्हणाला.

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. दाढा आणि कवळ्या कमी दर्जाच्या आहेत असं नाही. पण चाळीस वर्षं ज्या एका गोष्टीसाठी तो सकाळी उठत होता ती ही होती, आणि आता घरात उठवणारंही कुणी नव्हतं. त्या रविवारी मी फोनवर माझ्या ऑपरेशनचंच पुराण लावलं होतं. डोळ्यांवरची झापडं काढल्यासारखं झालंय, खिडकीचा जो पडदा मी वर्षभर सायीच्या रंगाचा समजत होतो तो पांढरा निघाला, रंग काय चकचकीत दिसतात, तुला सांगतो. हे मी त्याला चौथ्यांदा सांगत होतो. तो "हं" म्हणाला. मनात नर्सबाईचा दात घोळत होता, त्याच्या कानात काही शिरलं नाही. माझ्या कानात त्याचा आवाज शिरला नाही, ते वेगळंच.

बुधवारी तिसरा दात तयार झाला. भट्टीतून काढला, गार केला, साडेचारला खिडकीत नेला. पट्टीतला दात आणि हा दात, जुळी भावंडं. धाकट्यानं स्टुलाकडे बघितलं. कुणाला दाखवावं? डब्या नेणारा घाईत. खालच्या मजल्यावरच्यांची नावंसुद्धा त्याला ठाऊक नव्हती. विचार करता करता एकच जागा सुचली, आणि तिथे तो तीन वर्षांत पाऊल टाकायला धजला नव्हता.

दोरे-बटणांचं दुकान होतं तसंच होतं. काउंटरवर भावजयीच्या जोडीला जी बाई असायची ती आता एकटी उभी होती. हा दिसल्यावर तिनं हातातली कात्री खाली ठेवली. स्टूल पुढे सरकवलं. धाकट्यानं खिशातून डबी काढली, काळ्या कापडाच्या तुकड्यावर दात ठेवला, शेजारी पट्टीतला दात.

"हे दोन एक आहेत का, एवढं सांगा."

बाईनं कापड उचललं आणि दाराशी उजेडात नेलं. तिथेही रंग दारातच बघायची रीत. बघितलं आणि कोड्यात पडली.

"भाऊजी, थट्टा करताय का? हा लोण्यासारखा आहे आणि हा तुमचा धुतलेल्या बशीसारखा."

धाकटा म्हणाला, नीट बघा. ती म्हणाली, नीटच बघतेय. मग तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, आत गेली आणि पाच रिळं आणून कापडावर ओळीनं मांडली.

"यातलं पांढरं कुठलं?"

"पाचही पांढरी आहेत," धाकटा म्हणाला.

एकेक रीळ बोटानं दाखवत तिनं सांगितलं, हे पांढरं, हे मोतिया, हे सायीचं, हे लोण्याचं, आणि हे तर चक्क फिकं पिवळं. धाकटा पुढे वाकला, मागे झाला, दारात जाऊन बघितलं. पाचही एकच. मग ती हळूच म्हणाली, "तुमचा हा शर्टही पांढरा म्हणूनच घातलाय ना? भाऊजी, तो कॉलरपासून पिवळा पडलाय हो. डोळे दाखवा. माझ्या आईला मोतीबिंदू झाला तेव्हा तीसुद्धा अशीच गोंधळायची."

धाकट्यानं शर्टाची बाही दारातल्या उजेडात धरून बघितली. मोतीबिंदू एका दिवसात होत नाही. हळूहळू डोळ्यावर पिवळी साय धरते, जग पिवळं होत जातं आणि आपल्याला ते तसंच होतं असं वाटतं. अशा नजरेला पांढरा दातही पट्टीतल्या दाताइतकाच पिवळट दिसणार, म्हणून तो पांढरेच दात करत गेला. घरात दुसरं माणूस असतं तर एखाद्या सकाळी म्हणालं असतं, अहो, हा शर्ट टाकून द्या आता. तेवढ्यानं झालं असतं. एवढं म्हणायला तीन वर्षांत कुणी नव्हतं. आणि जे होतं ते दर रविवारी फोनवर स्वतःच्या डोळ्यांचं कौतुक सांगत होतं.

खोलीवर परत आल्यावर त्यानं पहिला फोन डॉक्टरीणबाईंना केला. दुसरा कुणी असता तर दडवलं असतं, रंग चुकीचा कळवला म्हणून चार दिवस ढकलले असते. माझ्या भावानं सरळ सांगितलं, माझी नजर गेली आहे, डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत पुढचे दात तिकडे पाठवा. फक्त या मुलीला उद्या दुपारी माझ्या खोलीवर पाठवा, हिचा मी करून देतो. बाईंनी विचारलं, काका, पण रंग कोण बघणार? धाकटा म्हणाला, बघतो.

मग मला फोन. बुधवारी, संध्याकाळी. मी घाबरलोच, त्यानं आपणहून केलेला फोन मला आठवत नाही.

"दादा, तुझे डोळे झाले ना रे?"

"दोन्ही. चष्मासुद्धा नाही. घारीसारखी नजर आहे, तुला सांगतो..."

"रंग दिसतात?"

"दिसतात म्हणजे? तो पडदा..."

"मग येशील का?"

साठी ओलांडली आम्ही दोघांनी. लहानपणी नळीवर बसताना सोडलं तर या माणसानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. मी म्हणालो, "पहिल्या बसनं निघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी ते दोन जिने चढलो. गुडघ्यांनी फार कटकट केली नाही. दार त्यानं उघडलं आणि मला बघून तो हसला. तोंड उघडून हसला, जे तो कधी करत नाही, आणि मला तो दात दिसला. समोरचा. मी पाडलेला. पिकलेल्या, पिवळट दातांच्या ओळीत तो एकटाच खडूसारखा पांढराफेक.

मला बोलता येत नाही असं माझ्या आयुष्यात घडलेलं नाही. तेव्हा घडलं.

"काय बघतोस?" त्यानं विचारलं.

मी आत गेलो. खिडकीतलं स्टूल पुसून ठेवलेलं होतं. मी त्यावर बसलो आणि त्याला म्हणालो, इकडे उजेडात ये, तोंड उघड. तो मुकाट्यानं खाली वाकला, अकरा वर्षांच्या पोरासारखा. मी टेबलावरची पट्टी घेतली आणि एकेक दात त्याच्या दातांशी धरून बघितला. मग सांगितलं. माझ्याच भाषेत सांगितलं, मला दुसरी येत नाही. म्हटलं, "शेजारचे सगळे जुन्या सायकलच्या घंटीसारखे आणि हा नव्या मडगार्डच्या रंगाचा."

त्यानं जीभ फिरवून तो दात चाचपला. दीड वर्षापूर्वी त्यानं तो नवा केला होता आणि डॉक्टरकडे न जाता इथेच, आरशासमोर, एकट्यानंच बसवला होता.

"दीड वर्ष," तो म्हणाला, आणि वरचा ओठ खाली ओढून घेतला. मग म्हणाला, "म्हणजे चहा पाजायला हवा."

"हो. चांगला कडक."

त्यानं भट्टीचं बटण दाबलं. मग नर्सबाईची डबी उघडली, दात चिमट्यात धरला आणि माझ्यापुढे खिडकीत आणला.

"आधी हा सांग," तो म्हणाला. "माझा नंतर बघू."